आहार-विचार : तालमीतले दूध आणि डब्यातली भुकटी

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय वारंवार डोकावू लागला आहे. घरातला मुलगा महाविद्यालयात जाऊ लागतो, संध्याकाळी मित्रांबरोबर व्यायामशाळेची पायरी चढतो आणि महिना उलटण्याच्या आत स्वयंपाकघरातल्या फळीवर हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याशेजारी एक भलामोठा काळा डबा येऊन बसतो. त्यावर पिळदार दंडाचे चित्र असते, आणि किंमत पाहिली की गृहिणीच्या कपाळावर आठी पडते. ‘हे औषध म्हणायचे, अन्न म्हणायचे की विष?’ असे एका आजींनी विचारले आहे. दुसऱ्या एका भगिनीचा प्रश्न हिशेबी आहे : ‘एवढ्या पैशांत महिनाभराचे दूध येते. मग दूधच का पाजू नये?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच वाटेवर सापडतात, म्हणून आज ती वाट थोडी सविस्तर चालून पाहू.

बडोदेकरांना बलोपासना नवी नाही. गायकवाडी अमदानीत येथे मल्लविद्येला राजाश्रय होता; जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकराव ही नावे आमच्या आजोबांच्या पिढीत आदराने घेतली जात. व्यायाम ज्ञानकोशासारखा अनेक खंडांचा मराठी ग्रंथ द. चिं. मुजुमदारांनी याच नगरीतून सिद्ध केला. सयाजीबागेतल्या संग्रहालयात गामा पहिलवानाने १९०२ साली उचलला म्हणून सांगतात तो दगड आजही पाहावयास मिळतो. त्याचे वजन १२०० किलो सांगितले जाते. त्या आकड्यावर विश्वास ठेवावयाचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. आम्हांला तो दगडापेक्षाही जड वाटतो. परंतु अशा कथांबरोबर मल्लाच्या खुराकाच्या कथाही येतात : इतके शेर दूध, इतके तूप, इतके बदाम. आणि येथेच जुन्या माणसांची एक समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

तुपात प्रथिने जवळजवळ नसतातच. तूप म्हणजे निव्वळ स्निग्धांश. दिवसाला हजार-दीड हजार बैठका आणि तितकेच दंड काढणारा, तास दोन तास आखाड्यातली माती अंगावर घेणारा मल्ल जी प्रचंड ऊर्जा खर्च करी, ती भरून काढण्यास तुपासारखे दुसरे आटोपशीर इंधन नव्हते. स्नायू बांधण्याचे काम मात्र दुधातील, डाळींतील आणि मांसाहारी मल्लांच्या बाबतीत मांसातील प्रथिने करीत. म्हणून जो नातू पाऊण तास लोखंड उचलून उरलेला दिवस खुर्चीवर बसून काढतो, त्याला तालमीतला खुराक जसाच्या तसा दिला तर वाढतो तो दंड नव्हे, पोट. खुराक उचलायचा तर त्याबरोबरच्या बैठकाही उचलाव्या लागतात.

आता गरज किती, ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे प्रमाण सांगितले, त्यानुसार सामान्य प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. जो नियमाने वजने उचलतो, ज्याला स्नायू वाढवायचे आहेत, त्याची गरज यापेक्षा अधिक असते. निरनिराळ्या प्रयोगांचे एकत्रित परीक्षण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात असे दिसले की किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास पोहोचल्यावर अधिक प्रथिने खाऊन स्नायूंत सरासरीने विशेष भर पडत नाही. म्हणजे त्याच ६० किलोच्या तरुणाला ९६ ग्रॅम, फार तर शंभर. व्यायामशाळेतील काही गुरू किलोमागे ३ ग्रॅम सांगतात, तो उत्साह आहे, शास्त्र नव्हे.

हे शंभर ग्रॅम घरच्या ताटात बसतात का? गव्हाच्या मध्यम आकाराच्या सहा पोळ्यांतून १९ ते २० ग्रॅम मिळतात, हे अनेकांना ठाऊक नसते. शंभर ग्रॅम तांदळाचा भात ७ ग्रॅम देतो. घट्ट वरण किंवा उसळ दोन वाट्या घेतल्या तर १४. अर्धा लिटर गायीचे दूध १६, वाटीभर दही ५, मूठभर शेंगदाणे ७-८, आणि शंभर ग्रॅम पनीर १८. बेरीज ८७-८८ होते. अंडे चालत असेल तर दोन अंड्यांचे १२ ग्रॅम मिळवा आणि शंभर पुरे झाले. अंडे चालत नसेल तर फुटाणे आहेत, सोयाबीनच्या वड्या आहेत. या सोयावड्या म्हणजे तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या. वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. त्यांना आपल्या मराठी स्वयंपाकात अजून मानाचा पाट मिळालेला नाही खरा, पण गोडा मसाला आणि ओले खोबरे घालून केलेली त्यांची रस्साभाजी आम्ही खाल्ली आहे. ती नाकारण्यासारखी मुळीच नसते.

वरण-भात आणि पोळी-उसळ या जोड्यांविषयी येथे एक शब्द सांगितला पाहिजे. धान्यांतील प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. दुधात दोन्ही पुरेसे असतात. पूर्वजांनी ही रसायने मोजली नव्हती, पण मुगाच्या खिचडीवर कढी ओतली तेव्हा हिशेब बरोबर जुळला होता.

दुग्धजन्य पदार्थांकडे वळू. गुजरातेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दुधाचा तुटवडा नाही. आणंद आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी संघ स्थापिला आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना ह. म. दलाया या अभियंत्याने ती करून दाखवली, हा इतिहास वाचकांना परिचित आहे. परंतु दुधाची पिशवी घेताना आपण अजूनही एका गैरसमजात असतो : घट्ट, सायीचे दूध ते ‘ताकदीचे’ आणि टोन्ड दूध ते ‘पाणी घातलेले’. वस्तुस्थिती अशी की फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. पण स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ, ज्यांत प्रथिने येतात, ते फुल क्रीममध्येही ९ टक्के आणि डबल टोन्डमध्येही ९ टक्केच ठरवून दिलेले आहेत. तेव्हा स्नायूंसाठी दूध पिणाऱ्याने सायीचा मोह धरण्याचे कारण नाही. कृश मुलाची गोष्ट वेगळी. त्याला साय द्यावी.

दह्याचा चक्का हा आपल्या घरातला सर्वांत दुर्लक्षित पौष्टिक पदार्थ. फडक्यात बांधून टांगले की पाणी गळते आणि प्रथिने एकवटतात. परदेशी नावाने बाजारात जे घट्ट दही चढ्या भावाने विकले जाते, ते याच कुळातले. पण आपण करतो काय, तर त्या चक्क्यात त्याच्या वजनाइतकी साखर घालून श्रीखंड करतो! सणाला जरूर करावे. व्यायाम करणाऱ्याला मात्र एरवी तोच चक्का जिरे, मीठ, हिरवी मिरची घालून पोळीबरोबर द्यावा. ताक उन्हाळ्यात अमृत असले तरी पातळ ताकाच्या पेल्यात प्रथिने थोडी. बासुंदी, पेढे, आइसक्रीम यांना ‘दुधाचेच तर आहे’ म्हणून खुराकात जमा धरू नये.

एका भगिनीने विचारले आहे की, व्हे म्हणजे दूध नासवल्यावर उरणारे पाणी. मग घरी पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरते तेच मुलाला दिले तर डब्याची गरज काय? प्रश्न हुशारीचा आहे, पण उत्तर नकारार्थी आहे, आणि कारण समजून घेण्यासारखे आहे. दुधातील प्रथिनांचे दोन भाग असतात. सुमारे ८० टक्के केसिन, २० टक्के व्हे-प्रथिने. चीजच्या कारखान्यात बेताने तापवलेल्या दुधात रेनेट घालतात. केसिनचा गोळा होतो आणि व्हे-प्रथिने पाण्यात विरघळलेली राहतात. आपण पनीर करताना दूध चांगले उकळतो. त्या उष्णतेने व्हे-प्रथिनांची घडण मोडते, ती केसिनला चिकटतात आणि पनीरमध्येच येऊन बसतात. म्हणजे घरच्या पनीरमध्ये दोन्ही आहेत आणि पाण्यात उरते ते मुख्यतः दुग्धशर्करा आणि क्षार. ते पाणी कणीक भिजवायला, आमटीत घालायला उत्तम. फेकू तर नयेच. पण त्यावर दंड पोसला जाणार नाही.

चीजच्या पाण्यातही प्रथिने लिटरमागे सहा-आठ ग्रॅमच. म्हणून ८० टक्के प्रथिनांची एक किलो भुकटी मिळवायला शंभर लिटरहून अधिक पाणी सूक्ष्म पडद्यांतून गाळावे आणि आटवावे लागते. एके काळी हे पाणी जगभर डुकरांना पाजत वा नदीनाल्यांत सोडून देत. आज त्याचाच डबा होऊन येतो. ‘कॉन्सन्ट्रेट’ नावाच्या प्रकारात साधारण ८० टक्क्यांपर्यंत प्रथिने आणि थोडी दुग्धशर्करा असते. ‘आयसोलेट’मध्ये ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि दुग्धशर्करा नाममात्र. ज्यांना दूध प्यायल्यावर पोटात गुबारा धरतो वा जुलाब होतात, त्यांना आयसोलेट सोसते. त्यांनाच बहुधा दहीही सोसते, हेही लक्षात असू द्यावे. इतरांनी आयसोलेटसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात आम्हांला फारसा अर्थ दिसत नाही.

मग डबा घ्यावा की न घ्यावा? भुकटी हे विष नव्हे, औषधही नव्हे. ते गाळून कोरडे केलेले दुधाचे अन्न आहे. ज्याचे ताट पुरेसे आहे त्याला त्याची गरज नाही. जो वसतिगृहात राहतो, ज्याला दोन वेळ नीट डाळ-उसळ मिळत नाही आणि जो खरोखर घाम गाळतो, त्याची त्याने सोय होते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात मात्र शरीर कमावण्यासाठी अशा पूरक भुकट्या टाळाव्यात असा स्पष्ट सल्ला दिला आहे. फार अधिक प्रथिनांमुळे हाडांची झीज आणि मूत्रपिंडांना अपाय होण्याचा धोका तिने दाखवला आहे. क्रीडाशास्त्राचे जाणकार निरोगी मूत्रपिंडांच्या बाबतीत इतके घाबरत नाहीत. आमच्या मते घरच्या वडीलमंडळींनी वादात न पडता एक गोष्ट करावी : मुलाला मधुमेह वा रक्तदाब असेल, किंवा घरात मूत्रपिंडाच्या विकाराचा इतिहास असेल, तर डबा उघडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि रक्त-लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. आजारी मूत्रपिंडांना वाढीव प्रथिने नक्कीच घातक. आणि अठरा वर्षांखालील मुलाला तर दूध, अंडी, डाळ आणि झोप यांपलीकडे कशाचीही आवश्यकता नाही.

भेसळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. प्रथिने किती, हे प्रयोगशाळेत बहुधा सरळ मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि गुणाकार करतात. ही रीत डॅनिश रसायनशास्त्रज्ञ केल्डाल याने १८८३ मध्ये बसवली. तिच्यात एक फट आहे : नत्र असलेला कोणताही स्वस्त पदार्थ मिसळला की आकडा वाढतो. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन मिसळून हेच केले गेले. तीन लाखांच्या आसपास बालके बाधित झाली, सहा दगावली. प्रथिनांच्या भुकटीत मेलामाइनऐवजी ग्लायसिन, टॉरिन असली स्वस्त द्रव्ये मिसळून तोच डाव खेळता येतो. जीव जात नाही, पैसे जातात. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या ३६ भुकट्यांची तपासणी करून काही डॉक्टरांनी २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सुमारे ७० टक्के भुकट्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली आणि काहींत बुरशीचे विष व कीटकनाशकांचे अंश सापडले. ‘आपल्याच व्यायामशाळेतले सर देतात’ म्हणून बिलाविना, सुट्या पिशवीतून येणारी भुकटी तर घराच्या उंबऱ्याआतच येऊ देऊ नये. तिच्यात संप्रेरके मिसळलेली असू शकतात. महिन्याभरात दंड फुगला, चेहऱ्यावर मुरमे उठली आणि स्वभाव चिडका झाला, तर ते दुधाचे काम नव्हे असे समजून तडक डॉक्टरांकडे जावे.

डबा घ्यायचाच ठरला तर वेष्टणाची मागची बाजू वाचावी. पुढची बाजू चित्रकाराची असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना, मुदत, अखंड मोहोर हे तर पाहावेच. मग एका मापात भुकटी किती आणि तीत प्रथिने किती याचा भागाकार करावा. माप ३३ ग्रॅमचे आणि प्रथिने २४ ग्रॅमची, तर ती शेकडा ७३, ठीक. माप १०० ग्रॅमचे आणि प्रथिने १५, तर तो ‘वजन वाढवणारा’ डबा. त्यात बहुतांश पिष्ट असते, ते आपल्या भाताच्या पातेल्यात फुकटाच्या भावात आहे. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन ही नावे वरच्या ओळींत दिसली की डबा परत ठेवावा. आणि माल्टच्या तपकिरी भुकट्यांना तर या यादीत बसवूच नये. त्यांत प्रथिनांपेक्षा साखरच ठळक असते.

हिशेबी भगिनीसाठी ग्रॅमचा भाव काढण्याची रीत सांगतो. समजा, दूध ६६ रुपये लिटर. त्यात ३३ ग्रॅम प्रथिने धरली तर ग्रॅमला २ रुपये. भुकटी किलोला २४०० रुपये आणि ८० टक्क्यांची, तर ग्रॅमला ३ रुपये. पनीर ४०० रुपये किलो असेल तर सव्वादोन. सोयावड्या १५० रुपये किलोने घेतल्या तर ग्रॅमला ३० पैसेसुद्धा पडत नाहीत. भाव गावागावांत बदलतील, रीत हीच. या स्पर्धेत एक साधा पदार्थ पुढे निघतो : साय काढलेल्या दुधाची भुकटी. तिच्यात ३५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, व्हे आणि केसिन दोन्ही असतात. समजा ती ४०० रुपये किलोने मिळाली, तर ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत पडते. तीन मोठे चमचे कपभर दुधात वा दह्यात घोटले की ते दूध दुपटीहून पौष्टिक होते. तिच्यातली निम्मी दुग्धशर्करा ज्यांना सोसते त्यांनी काळ्या डब्याआधी हा पांढरा डबा वापरून पाहावा.

आता ज्या आजींनी ‘विष तर नव्हे?’ असे विचारले, त्यांना आमचा एक उलट प्रश्न आहे. आजी, आपण स्वतः दिवसभरात काय घेता? समजा तीन पोळ्या, थोडा भात, पातळ वरणाची वाटी, दोन-तीन कप चहातले दूध, जेवणानंतर ताक. ही बेरीज पंचवीस-तीस ग्रॅमच्या पलीकडे जात नाही. साठी ओलांडल्यावर शरीर प्रथिनांना पूर्वीसारखे चटकन प्रतिसाद देत नाही, म्हणून वृद्धांनी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत असे आज तज्ज्ञ सांगतात. ५५ किलोच्या आजींना म्हणजे ५५ ते ६६. एकादशीला, चतुर्थीला साबुदाणा खाल्ला तर तो निव्वळ पिष्ट. खिचडीत जे काय बळ आहे ते दाण्याच्या कुटाचे. जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो, जिना चढताना मांड्या थरथरतात, पिशवी जड वाटते, याला ‘वय झाले’ म्हणून आपण सोडून देतो. ती पुष्कळदा स्नायूंची उपासमार असते, आणि पडून खुब्याचे हाड मोडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या घरांत सर्वांचे वाढून झाल्यावर उरलेल्या वरणावर भागवणारी बाईच अशी अर्धपोटी राहते. नातवाच्या डब्यावर महिन्याला हजार-दोन हजार खर्च होत असतील, तर त्यातले दोनशे आजींच्या चक्क्यासाठी आणि सकाळच्या पेलाभर दुधासाठी निघालेच पाहिजेत. शिवाय भिंतीला टेकून किंवा खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे हा त्यांचा व्यायाम, नातवाने शिकवावा.

उरलेल्या पत्रांतील किरकोळ शंका : व्यायामानंतर अर्ध्या तासाच्या आत भुकटी घेतलीच पाहिजे असे नाही, दिवसभराची बेरीज महत्त्वाची, ती तीन-चार वेळा वीस-पंचवीस ग्रॅम अशी विभागली म्हणजे झाले. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची रीत कौतुकाने सांगितली जाते, परंतु न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. दूध तापवूनच प्यावे. भुकटी कडकडीत दुधात घातली तर सत्त्व जाते का, असे एक वाचक विचारतात. सत्त्व जात नाही, गुठळ्या मात्र होतात. आधी थोड्या गार दुधात कालवून मग कोमट दुधात घालावी. पावसाळ्यात डब्यात ओला चमचा घालू नये, आणि एकदा ओल लागून खडे धरलेली, वास पालटलेली भुकटी कितीही महागाची असली तरी टाकून द्यावी.